नोटरीचा शिक्का नेमके काय सांगतो?

कंपनीच्या गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र (आरसी बुक) हरवले की शपथपत्र करण्याची वेळ येते. शपथपत्र म्हणजे शपथेवर केलेले लेखी निवेदन. नोटरीचा (शपथ देण्याचा आणि सही साक्षांकित करण्याचा अधिकार असलेली सरकारनियुक्त व्यक्ती) शिक्का उमटला की मजकूर खरा ठरला, असा समज सर्रास आढळतो. तसे नाही.

विवाह नोंदणीत साक्षीदार सही करतो, ती लग्न झाल्याची साक्ष म्हणून. संसार सुखाचा होईल याची हमी म्हणून नव्हे. नोटरीही एवढेच सांगतो की, या व्यक्तीची ओळख पटली आणि तिने माझ्यासमोर शपथ घेऊन सही केली. मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी सही करणाऱ्याचीच. खोटे शपथपत्र हा गुन्हा आहे.

कंपनी स्वतः शपथ घेऊ शकत नाही. तिच्या वतीने प्राधिकृत व्यक्ती सही करते. म्हणून संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र सोबत ठेवावे.

आता ऑनलाइनविषयी. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने 2011 मध्ये दूरस्थ नोटरीचा कायदा केला. तिथे व्हिडिओवर समोरासमोर ओळख तपासतात आणि त्याचे चित्रीकरण जपून ठेवतात. भारतात नोटरी अधिनियम 1952 लागू आहे. नुसती पीडीएफ पाठवून शिक्का मागवणे म्हणजे नोटरी करणे नव्हे. नोटरीसमोर हजर राहणे हाच या कामाचा गाभा आहे.