गंगा आली, निघा!

राजापूरकडे ज्यांची मुळं आहेत, अशा घरात एखाद्या सकाळी फोन वाजतो आणि पलीकडून दोनच शब्द येतात, "गंगा आली." पुढचं काही विचारावं लागत नाही. दुपारपर्यंत मुंबईचे काका, कोल्हापूरची आत्या, पुण्याची मावशी अशी फोनाफोनी होते, कोणाच्या गाडीत किती माणसं मावतील याचा हिशेब लागतो आणि आजी तांब्याचा गडू चिंच लावून घासायला घेते. लग्नाचं आमंत्रण महिनाभर आधी येतं, पूजेचं आठवडाभर. या आमंत्रणाची तारीख मात्र जमीन ठरवते.

रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर शहरापासून दोन-तीन किलोमीटरवर उन्हाळे नावाचं गाव आहे. तिथे टेकडीवर एक फरसबंदी आवार आहे आणि त्यात लहानमोठी १४ कुंडं. एरवी गेलात तर तळाला वाळकी पानं पडलेली दिसतील. आणि मग एक दिवस वडाच्या पायथ्याशी असलेल्या मूळ गंगेत पाणी चमकू लागतं, काशीकुंडाच्या गोमुखातून धार पडते, सूर्यकुंड, चंद्रकुंड, बाणकुंड, यमुनाकुंड, गोदाकुंड अशी सगळी आळी भरून जाते. बहुतेकदा हे घडतं भर उन्हाळ्यात, गावच्या विहिरींनी तळ गाठलेला असतो तेव्हा. दोन-तीन महिने पाणी वाहतं आणि मग आलं तसं निघून जातं. पुन्हा यायला जुन्या माणसांच्या हिशेबाने साधारण तीन वर्षं.

आमच्यासारख्या घरांत ही सहल कशी होते ते सांगितलंच पाहिजे. पहाटे डबे भरले जातात. दडपे पोहे, तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या खोबऱ्याची लसणाची चटणी, बाटल्यांत कोकम सरबत, आणि काकू कितीही नको म्हणाली तरी एक पिकलेला फणस गाडीच्या मागच्या सीटवर चढतोच. आधी खाली गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचं, मग वर गंगेवर, असा बहुतेकांचा क्रम. लहान मुलं एका कुंडातून दुसऱ्यात हात घालत पळतात आणि ओरडतात, "हे गार आहे! हे कोमट आहे!" आणि ती खरंच सांगत असतात. हाकेच्या अंतरावरची ही कुंडं, पण पाण्याचं तापमान सारखं नाही. आत्या त्याचा अर्थ देवीच्या इच्छेने लावते, भाचा मोबाइलवर शोधायला लागतो. मला वाटतं, दोघांचंही कुतूहल एकाच जागी उभं आहे, आणि त्याला उत्तर द्यायला गरम झऱ्यापासून सुरुवात करावी.

कोकणात गरम पाण्याचे झरे ओळीने आहेत. उत्तरेला वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. मग पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, पुढे उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, आणि खाली हे राजापूरचं उन्हाळे. नकाशावर ठिपके जोडलेत तर सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधून जाणारा एक लांब पट्टा दिसतो. सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्ह्याने बनला हे शाळेत शिकलेलं असतं, म्हणून अनेकांना वाटतं की ती ऊब त्याच आगीची. ते शक्य नाही. ती आग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची, तिचा निखारा केव्हाच विझला. ही ऊब पृथ्वीच्या पोटातली आजची आहे. जमिनीत दर किलोमीटर खोल जावं तसं तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येतं. उन्हाळे गावच्या झऱ्याचं पाणी चाळीस अंशांच्या थोडं वर असतं. म्हणजे ते निदान अर्धा किलोमीटर खाली जाऊन आलेलं असणार, वाटेत निवतं हे धरलं तर त्याहूनही खोल. तुम्ही ज्या पाण्याखाली डोकं धरता, त्याने एवढा प्रवास करून तुम्हाला गाठलेलं आहे. या खोलवरच्या पाण्यात वरवरचं गार पाणी कुठे कमी मिसळलं, कुठे जास्त, की शेजारशेजारच्या कुंडांची ऊब वेगळी व्हायला एवढं पुरेसं आहे.

पण हे झालं उबेचं. गरम झरा बारा महिने वाहतो. गंगा का थांबते, आणि का परत येते?

याचं उत्तर अनेक मराठी घरांच्या काचेच्या कपाटात ठेवलेलं असायचं. वसुदेवाचा प्याला आठवतो? पितळेचा पेला, मधोमध उभा वसुदेव आणि त्याच्याकडे बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत राहायचं. पाणी वसुदेवाच्या कमरेशी येतं, छातीशी येतं, आणि कृष्णाच्या पायाला लागलं रे लागलं की तळाच्या भोकातून वाहू लागतं, ते सगळा पेला रिकामा होईपर्यंत थांबत नाही. यमुनेला पूर आला होता, कृष्णाच्या पायाचा स्पर्श होताच ती ओसरली, ही गोष्ट सांगत आजोबा तो पेला नातवंडांसमोर भरायचे. वसुदेवाच्या पोटात एक वाकडी नळी लपलेली असते. तिचं एक टोक पेल्यात तळाशी उघडतं, ती वर कृष्णाच्या पायाच्या उंचीपर्यंत चढते, तिथे वळण घेते आणि खाली उतरून पेल्याच्या बाहेर निघते. पाणी वळणापर्यंत पोचेपर्यंत नळी गप्प असते. वळण ओलांडलं की बाहेरच्या बाजूचा पाण्याचा लांब दांडा आपल्या वजनाने खाली ओढला जातो आणि आतलं पाणी त्याच्या मागोमाग येत राहतं. नळीच्या आतल्या तोंडाशी हवा शिरली की खेळ संपला. पुन्हा भरायला लागा. यालाच आपण सायफन म्हणतो. ग्रीसमध्ये हाच पेला पायथागोरसच्या नावाने ओळखला जातो.

आता टेकडीच्या पोटात असा एक मोठा पेला आहे असं समजा. वर जांभ्याचा सच्छिद्र थर, खाली काळा कातळ. जांभ्यातून पाणी झिरपतं, कातळावर अडतं, भेगा आणि पोकळ्यांत साठतं. पोकळीतून बाहेर जाणारी वाट आधी वर चढून मग खाली उतरणारी असेल, तर ती पोकळी काठोकाठ भरेपर्यंत टेकडीबाहेर थेंबही येणार नाही. भरली की सगळं पाणी एका दमात, महिनोन्महिने. असे थांबून थांबून वाहणारे झरे जगात इतरत्रही आहेत. जेरुसलेमचा गिहोन झरा ठरावीक काळाने उसळायचा. इटलीतल्या कोमो सरोवराकाठी एक झरा दिवसातून तीनदा भरतो आणि ओसरतो, असं धाकट्या प्लिनीने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी मित्राला पत्रातून कळवलं होतं. काठावर कोरड्या जागी अंगठी ठेवा, पाणी हळूहळू चढून ती झाकतं आणि मग मागे हटतं, असं त्याने लिहिलंय, आणि कारण काय असेल याबद्दल मित्राला विचारलंय. एखाद्या सहलीला गेलेल्या माणसाने लिहावं तसं ते पत्र आहे. दोन हजार वर्षं होत आली, माणसं अजून अशा झऱ्याकाठी तोच प्रश्न विचारतात.

कोमोचा झरा काही तासांत फेरी पुरी करतो आणि आपली गंगा काही वर्षांत. इथे थोडं गणित करू, कारण ते फार सुंदर आहे. समजा गंगा तीन वर्षांनी येते आणि तीन महिने राहते. छत्तीस महिने पाणी आत झिरपलं आणि ते सगळं तीन महिन्यांत बाहेर पडलं. म्हणजे बाहेर पडण्याचा वेग आत झिरपण्याच्या वेगाच्या बारा पट असला पाहिजे. पोकळी केवढी आहे, नळी कुठे आहे, काहीही माहीत नसताना, फक्त गंगा कधी आली, कधी गेली आणि पुन्हा कधी आली या तारखांवरून टेकडीच्या पोटातला हा हिशेब बाहेर येतो.

सायफनच्या कल्पनेला दोन अडचणीही आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. पहिली, रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. इतक्या पावसात पेला दर पावसाळ्यात का भरून जात नाही? म्हणजे झिरपण्याची वाट फार अरुंद असली पाहिजे, किंवा पाणी फार दुरून आणि खोलवरून येत असलं पाहिजे. आषाढात पडलेलं पाणी वैशाखात पोचतं, यातही मग नवल राहत नाही. दुसरी अडचण अधिक मजेची. पेला अगदी थेंबाथेंबाने भरला आणि आतली नळी जाड असली, तर पाणी वळणावरून नुसतं पाझरत राहतं. नळी पूर्ण भरतच नाही आणि सायफन सुरूच होत नाही. सुरू व्हायला नळी तरी बारीक हवी किंवा शेवटी एक जोराचा लोंढा तरी हवा. भर उन्हाळ्यात येणाऱ्या गंगेला पावसाचा लोंढा कुठून मिळणार? म्हणून मला वाटतं की टेकडीत एक मोठी पोकळी नसावी. एकमेकींत रिकाम्या होणाऱ्या अनेक लहान पोकळ्या आणि बारीक भेगांचं जाळं असावं, एकीचं पाणी सुटलं की दुसरीला लोंढा मिळावा अशी रचना. टेकडी फोडून ती कोणी पाहिलेली नाही, आणि तशी फोडूही नये.

तीन वर्षांचा नियमही घड्याळासारखा पक्का नाही. गंगा कधी लवकर येते, कधी वाट पाहायला लावते, आणि अलीकडे तर लागोपाठच्या वर्षांतही आलेली आहे. घरातली वडीलधारी माणसं यावर काळजीने बोलतात. झरा हा पाऊस, जंगल, विहिरी, बोअर, रस्त्याचं खोदकाम या सगळ्यांशी जोडलेला असतो, त्यामुळे त्यांची काळजी मला रास्त वाटते. वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, काय होतं, ते कधीतरी खाली कुंडात दिसणारच.

आणि इथेच आपल्या नात्यागोत्यांचं काम सुरू होतं. गंगेचा इतिहास कुठे लिहून ठेवलाय? काही थोडा कागदोपत्री असेल, पण फार मोठा भाग घरोघरच्या आठवणींत आहे. "धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी गंगा आली होती." "दादाची मुंज आणि गंगा एकाच महिन्यात." "आबा गेले, त्यानंतर पहिल्यांदा गंगेवर गेलो तेव्हा तू माझ्या कडेवर होतास." आजीच्या या वाक्यांना सनावळी लावता येते. लग्नाची पत्रिका सापडते, मुंजीचा फोटो सापडतो, त्याच्या मागे तारीख असते. कुठे आजोबांच्या खिशातल्या डायरीत जमाखर्चाच्या मध्येच एक ओळ असते: गंगा आली, गाडीभाडे अमुक. दहा घरांच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर गेल्या ऐंशी-शंभर वर्षांचा आलेख तयार होईल, आणि तो जिल्ह्याच्या पावसाच्या आकड्यांशेजारी मांडला तर टेकडीच्या पोटातल्या पेल्याबद्दल बरंच काही कळेल. तीन वर्षांचा फेरा खरोखर होता का, तो कधीपासून बिघडला, कमी पावसाच्या वर्षांनंतर गंगा उशिरा आली का, या प्रश्नांची उत्तरं आपल्या ट्रंकांत पडलेली आहेत.

घरच्या मुलांना आधी पेला करून दाखवा. प्लॅस्टिकच्या कपाच्या तळाला भोक पाडा, वाकणारी स्ट्रॉ त्यातून वर घ्या, तिचं वाकडं टोक कपातच खाली वळवा आणि भोकाभोवतीची फट मेणाने बुजवा. मग हळूहळू पाणी ओता. स्ट्रॉऐवजी जाड नळी घेऊन तेच करून बघा, म्हणजे दुसरी अडचण त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आणि पुढच्या वेळी फोन आला, की डब्यांबरोबर एक वही घ्या. कोणत्या तारखेला पाणी दिसलं, कोणत्या कुंडात आधी दिसलं, पाणी कधी आटलं, एवढं लिहा. पाण्याचं तापमान मोजायला साधा स्वयंपाकघरातला थर्मामीटर न्या. तापाचा नको, तो बेचाळीसच्या आसपास संपतो. कुंडात साबण लावू नका, फणसाची सालं-आठळ्या तिथे टाकू नका, सगळा कचरा परत आणा. आणि तुमच्या घरात आजी-आजोबांच्या हातची जुनी डायरी असेल, तर ती रद्दीत जाण्याआधी एकदा उघडून बघा. गंगेची तारीख सापडली तर ती उतरून घ्या, आणि नात्यातल्या सगळ्यांना कळवा.