विमान, आकाशगंगा आणि नरनाळा!

‘भारी कॅमेरा घेतला की फोटोग्राफी सुरू करू,’ म्हणून थांबलाय? थांबू नका. खिशातला मोबाइल काढा. आपल्या वऱ्हाडात विषयांना तोटा नाही.

सुरुवात बेलोऱ्यापासून. १६ एप्रिल २०२५ ला अमरावती-मुंबई विमानसेवा सुरू झाली, ती एटीआर-७२ या पंख्याच्या विमानाने. बाहेरच्या रस्त्यावरून फोटो घेताना शटर फार वेगवान ठेवलं, तर पंखा थिजतो आणि विमान हवेतच बंद पडल्यासारखं दिसतं! १/१२५ सेकंद ठेवा आणि विमानासोबत मोबाइल फिरवा.

रात्रीसाठी चिखलदरा. शहराच्या दिव्यांत हरवलेली आकाशगंगा तिथे सापडते. एप्रिल-मेची अमावस्या गाठा, पहाटे तीनला दक्षिणेकडे बघा. मोबाइल स्टँडवर, आयएसओ ३२००, शटर २० सेकंद. त्याहून जास्त ठेवलं तर चांदण्यांच्या रेघा होतात. पृथ्वी फिरतेय ना! फक्त जंगलात शिरू नका, मुक्कामाची गच्ची पुरे.

अकोटजवळचा नरनाळा मात्र दिवसाच. तोही मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, वेळेत बाहेर पडा. १४८७ च्या महाकाली दरवाजावरची नक्षी तिरप्या उन्हात उठून दिसते. दगडावर कुणी नाव खरडलेलं दिसलं, तर फ्रेममधून कापू नका. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच कोनातून एक फोटो घ्या, तारीख लिहून ठेवा. लाइक्स चार दिवसांचे. दरवाजाचं काय झालं, हे उद्या कुणी विचारलं, तर तुमचा फोटोच पुरावा असेल.