परवाना मद्याचा, जिन्नस नाशवंत

महाराष्ट्रात ज्याला सर्रास वाइन शॉप म्हणतात आणि सरकारी दप्तरात ज्याची ओळख एफएल-२ परवाना अशी आहे, ते दुकान १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्याच आधाराने चालते, ही त्या व्यवसायातली पहिली गंमत. दुसरी गंमत अशी की, जाळीबाहेरचे गिऱ्हाईक, भिंतीभर मांडलेल्या बाटल्या आणि साठ्याची रोजची नोंद ही त्याची सारी रचना व्हिस्की-रमसारख्या, वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी न बिघडणाऱ्या मद्यांच्या हिशेबाने झालेली आहे. नोंदवहीतील आकडा आणि फडताळावरील बाटल्या यांचा मेळ बसला की तपासणी पार पडते; आतल्या द्रवाची चव शाबूत आहे काय, हे कोणी विचारत नाही.

२००९ साली पुण्यात डूलाली ही लहान ब्रुअरी सुरू झाली तेव्हा क्राफ्ट बीअर जेथे तयार होई तेथेच पेल्यात ओतली जाई. पुढे लहान कारखान्यांनी ती डब्यांत व बाटल्यांत भरून दुकानांकडे रवाना करण्यास आरंभ केला, आणि दुधाची विक्री लोखंडाच्या दुकानदारावर सोपवावी तसा प्रकार झाला.

मोठ्या कंपन्यांची लागर बहुधा गाळलेली आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसला पाश्चरीकरण केलेली असते, म्हणून ती पुष्कळ हाल सोसते. क्राफ्ट बीअर अनेकदा न गाळलेली, जिवंत यीस्टची. साखर शिल्लक असली तर उष्णतेत ते यीस्ट पुन्हा कामाला लागते आणि डबा फुगतो. हॉप्स या फुलांचा संत्र्या-आंब्याची आठवण देणारा सुगंध सर्वांत आधी जातो, आणि आत राहिलेल्या किंचित प्राणवायूने ओल्या पुठ्ठ्याची चव उतरते. अमेरिकेतील या धंद्यात एक ठोकताळा आहे: ३२ अंशांना ३ दिवसांत जेवढी झीज, तेवढी २२ अंशांना ३० आणि ३ अंशांना ३०० दिवसांत. हा अंदाजच खरा. पण वैशाखात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर रचलेल्या पेट्यांचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. थंड केलेली बीअर एकदा कोमट झाली की वाया गेली, ही समजूत मात्र अतिशयोक्तीची आहे. एकंदर किती उष्णता किती काळ सोसली, हे महत्त्वाचे.

‘चिल्ड की नॉर्मल?’ असे विचारणारा दुकानदार ज्या फ्रिजकडे बोट दाखवतो, त्याच्या काचेच्या दारामागे दिवा रात्रंदिवस जळत असतो. हॉप्समधील कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की एक गंधकयुक्त संयुग तयार होऊन कुबट दुर्गंधी येते. उन्हात त्याला काही मिनिटेही पुरतात. हिरवी बाटली याला जवळजवळ अटकाव करीत नाही, तपकिरी बराच करते, डबा पूर्ण. भरणा करणारा पोऱ्या नवे डबे पुढे लावतो आणि जुने मागे कुजत राहतात, ही आणखी एक तऱ्हा. दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे. विजेचे बिल त्याचे, आणि या मालाला उठाव थोडा.

तेव्हा गिऱ्हाइकाने संकोच सोडून डबा उलटा करावा, तळाची तारीख वाचावी, आणि हॉप्सप्रधान बीअर तीन महिन्यांहून जुनी असेल तर ती नम्रपणे परत करावी. तीव्र, काळ्या स्टाउटला मात्र ही घाई नाही.