मॅट्रिक ते कृतिपत्रिका : इंग्रजीच्या पेपरचा मागोवा

‘मॅट्रिकला इंग्रजीत उडाला’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी ऐकले आहे. गणिताबरोबर इंग्रजी हा विषय माध्यमिक शाळेतल्या मुलांचे पुढचे आयुष्य ठरवत आला. कारकुनी मिळणार की व्हर्नाक्युलर फायनलवर थांबून गावच्या शाळेत मास्तरकी करायची, कॉलेजात जायचे की घरची शेती पाहायची, याचा निकाल पुष्कळदा त्या तीन तासांत लागे. त्या पेपरात नेमके काय तपासले जात होते, याकडे मात्र क्वचितच लक्ष गेले. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावे, कोणत्या माध्यमातून शिकवावे, यावर महाराष्ट्राने भरपूर वाद घातले; पेपरावर फार कमी. वर्गात काय शिकवले जाईल हे अखेरीस पेपरच ठरवतो, म्हणून त्याच्या वाटचालीकडे एकदा सलग पाहायला हवे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा शाळेचा शेवट मानण्यापेक्षा विद्यापीठाचा उंबरठा म्हणून घेतली जात होती, हे लक्षात ठेवले की तिचे स्वरूप उलगडते. पुढे इंग्रजीतून व्याख्याने ऐकायची, इंग्रजी ग्रंथ वाचायचे, म्हणून इतिहास आणि गणिताची उत्तरेही इंग्रजीतच लिहावी लागत. इंग्रजीच्या पेपरात निबंध, मराठीतून इंग्रजीत भाषांतर, कवितेचा गद्य अर्थ, वाक्यपृथक्करण आणि शब्दांचे पद चालवणे हे प्रकार असत. लॅटिन आणि ग्रीक शिकवण्याची इंग्लंडमधली रीत जवळजवळ तशीच इथे आली होती. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ती परकी वाटली नाही. पद चालवणे, विग्रह करणे, नियम तोंडपाठ करणे हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलेच होते.

या पद्धतीने दोन पुस्तकांना अढळ स्थान दिले. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य, त्यातल्या शब्दांचे अर्थ आणि मग त्याचे इंग्रजी रूप अशा पायऱ्यांनी तिने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्य उभे करायला शिकवले. दुसरे 1930च्या दशकात आलेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि कादंबरीकार म्हणूनही गाजले. या दोन पुस्तकांवर वाढलेली पिढी शुद्ध, रेखीव इंग्रजी लिहायची, असे अजूनही अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरे आहे. मात्र ही पिढी निवडून आलेल्या थोड्या मुलांची होती. उरलेल्यांच्या नावापुढे ‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्द कायमचा चिकटला.

त्या काळी जगात इतरत्रही उच्च पातळीचे इंग्रजी जवळपास असेच तपासले जाई. केंब्रिजने परदेशी विद्यार्थ्यांसाठी 1913 मध्ये पहिली प्रावीण्य परीक्षा घेतली, तिलाही भाषांतर, निबंध, व्याकरण आणि उच्चारशास्त्र होते. तीन परीक्षार्थी बसले आणि तिघेही नापास झाले. जितके अवघड तितके प्रगत, ही त्या युगाची समजूत होती.

तिला पहिला गंभीर प्रश्न विचारला गेला तो हिंदुस्थानातूनच. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणारे मायकेल वेस्ट यांनी 1926 मध्ये बंगालमधल्या द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिले. इंग्रजी शिकणाऱ्या बंगाली मुलाला सर्वांत आधी कोणत्या क्षमतेची गरज आहे, असे विचारून त्यांनी उत्तर दिले : वाचनाची. बरीच मुले शाळा मध्येच सोडतात. बोलणे आणि लिहिणे अर्धवट राहिले तर त्यांच्या हाती काहीच उरत नाही, वाचता येऊ लागले तर ती पुढे स्वतःच्या बळावर शिकू शकतात. वेस्ट यांनी वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या केल्या आणि त्याच शब्दांत बसणारी वाचनमाला लिहिली. सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी 1953 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली गेली. आपल्या परीक्षेने मात्र वाचनाला हे पहिले स्थान कधीच दिले नाही.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस. एस. सी.ने घेतली. मुंबई प्रांतात ही परीक्षा 1949 पासून सुरू झाली. मातृभाषेतून शिक्षण हे धोरण पक्के झाले, आणि पन्नासच्या दशकात मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू होई. चार वर्षांत जुन्या मॅट्रिकची पातळी गाठणे शक्य नव्हते, त्यामुळे पेपर बदलणे भाग पडले. वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे क्रमाने शिकवणारी पद्धत याच सुमारास देशभर पसरली. हैदराबादला 1958 मध्ये केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली आणि तिथे शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. पेपरातले भाषांतर हळूहळू आक्रसले आणि ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’चे राज्य आले.

हा प्रश्न ज्यांनी सोडवला आहे त्यांना तो झोपेतही आठवेल. व्हॉइस बदला, डायरेक्टचे इनडायरेक्ट करा, डिग्री बदला, ‘टू’ काढून ‘सो दॅट’ वापरा, ‘नो सूनर दॅन’ने वाक्य सुरू करा. या प्रश्नाचे गुण मान्य करायला हवेत. तो निःपक्षपाती होता, तपासायला सोपा होता, आणि खेड्यातल्या मुलालाही सरावाने पूर्ण मार्क मिळवून देत होता. ज्या घरात इंग्रजीचे एक अक्षर नव्हते, तिथल्या हजारो मुलांना याच प्रश्नाने पास केले. त्याचा दोषही तितकाच ठळक आहे. ‘ही इज टू वीक टू वॉक’ या वाक्याचे ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ करणाऱ्या मुलाला ‘वीक’ म्हणजे काय हे ठाऊक नसले तरी चालते. शब्दांच्या जागा लक्षात ठेवल्या की उत्तर बरोबर येते आणि अर्थाला हात लावावा लागत नाही.

महाराष्ट्र राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ 1966 पासून काम करू लागले. पुढे 1975 मध्ये जुनी अकरावी गेली आणि दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली. याच रचनेत इंग्रजीच्या दोन पातळ्या रूढ झाल्या : इंग्रजी माध्यमाला हायर लेव्हल, मराठी माध्यमाला लोअर लेव्हल. आता त्यांना प्रथम भाषा आणि तृतीय भाषा म्हणतात. सोय म्हणून ही विभागणी योग्यच होती. तिचा परिणाम असा झाला की मराठी शाळेतल्या ज्या मुलाला प्रगत इंग्रजी झेपले असते, त्यालाही आपली मजल मोजण्याची संधी बोर्डाच्या परीक्षेत सहसा मिळाली नाही. अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर जाड इंग्रजी पुस्तके समोर आली की त्याला ही उणीव पहिल्यांदा जाणवे.

यानंतर विचारांची दिशा पुन्हा बदलली, तीही दक्षिण भारतातून. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात ‘बंगळूर प्रकल्प’ राबवला. नकाशा पाहून रस्ता सांगणे, वेळापत्रकावरून गाडी शोधणे अशी कामे मुलांना द्यायची. मन अर्थात गुंतले की व्याकरण आपोआप मुरते, हे त्यांचे म्हणणे होते. भाषेची परीक्षा वापरातून घ्यावी, हा विचार त्या काळात जगभर जोर धरत होता. महाराष्ट्रात रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना जून 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. ती पहिलीची मुले मार्च 2010 मध्ये दहावीला बसली. दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलांना चार वर्षांच्या हिशेबाने आखलेला पेपर पुरणार नव्हता. पुढच्या दशकात प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, ती या सगळ्याचा परिपाक म्हणून.

आजची तृतीय भाषेची कृतिपत्रिका 80 गुणांची आहे. प्रत्येक गद्य उताऱ्यावर पाच कृती असतात : सरळ माहिती, थोडी गुंतागुंतीची माहिती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि स्वतःचे मत, प्रत्येकी दोन गुण. उताऱ्याखालीच व्याकरण आणि शब्द विचारले जातात, त्यामुळे वाक्य संदर्भासह समोर येते. ही मोठी सुधारणा आहे. स्वतःचे मत विचारणारी कृती तर जुन्या पेपरात कल्पनेतही नव्हती. तक्त्यावरून परिच्छेद, मतमतांतरे, संवाद, पत्र यांतून लेखनाचाही कस लागतो. शेवटच्या पाच गुणांत भाषांतर अजून तग धरून आहे.

पण वाचनाचा हिशेब मांडा. पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांना 20 आणि कवितेला 10 असे 30 गुण आधी वर्गात वाचलेल्या मजकुराला आहेत. न वाचलेल्या उताऱ्याला 10 आणि त्याच्या सारांशाला 5, म्हणजे फक्त 15. वाचनाच्या 45 गुणांपैकी दोन तृतीयांश गुण ओळखीच्या मजकुरावर मिळतात. ओळखीचा मजकूर गाइडमधून, अपेक्षित प्रश्नसंचातून, क्लासच्या नोट्समधून पाठ होतो. तिथे तपासली जाते ती स्मरणशक्ती. पहिल्याच प्रश्नात शब्दातली गाळलेली अक्षरे भरणे, शब्द वर्णानुक्रमे लावणे, शब्दसाखळी पूर्ण करणे अशा कृती आहेत. दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलासाठी त्या फारच खालच्या पायरीच्या आहेत.

निकालाचे आकडे आपल्याला इंग्रजीबद्दल फारसे सांगत नाहीत. 2018 मध्ये दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला, भाषांची 20 गुणांची तोंडी परीक्षा बंद झाली, आणि निकाल 77.10 टक्क्यांवर उतरला. ते गुण परत दिल्यावर 2020 मध्ये तो 95.30 टक्के झाला. दोन वर्षांत मुलांची भाषा इतकी खालीवर झाली नव्हती. बदलली होती मोजपट्टी. याउलट 2016 च्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे 45 टक्के मुलेच सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकली. त्या चाचणीत मजकूर अनोळखी होता, म्हणून ती चाचणी खरे बोलली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. दहावीचा नवा पेपर आखला जाईल तेव्हा तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, वाचनाचे निम्म्याहून अधिक गुण अनोळखी उताऱ्यांना द्यावेत, आणि त्यांत बातमी, विज्ञानाची माहिती, कथा असे वेगवेगळे प्रकार असावेत. दुसरी, सलग उताऱ्यातले शब्द गाळून ते भरायला सांगणारी क्लोझ चाचणी घ्यावी. विल्सन टेलर यांनी ती 1953 मध्ये मांडली. व्याकरण, शब्द आणि आकलन तिन्ही ती एकाच वेळी तपासते, आणि पाठांतराला तिथे जागा नसते. तिसरी, मराठी माध्यमातल्या ज्या मुलांची तयारी असेल त्यांना प्रगत इंग्रजीचा ऐच्छिक पेपर देता यावा, त्याचे गुण वेगळे नोंदवले जावेत आणि त्यात कमी पडल्याने कोणी नापास होऊ नये.

इंग्रजी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. बोर्ड बदलेपर्यंत थांबू नका. आठवड्यातून एक तास मुलांच्या हातात त्यांनी कधीच न पाहिलेले एक पान द्या, अर्थ सांगण्याची घाई करू नका, आणि त्यांना ते स्वतः वाचू द्या. वेस्ट यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेला विचार आपल्या वर्गांत अजून पुरता उतरलेला नाही, आणि तो उतरवायला कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.