कुलूप उघडण्याची हत्यारे : घरी बनवावीत की विकत घ्यावीत?

घराची किल्ली हरवली म्हणजे आपल्याला चावीवाल्याची आठवण होते. एरवी फूटपाथच्या कडेला किल्ल्यांचा जुडगा टांगून बसलेल्या या कारागिराकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. परंतु हे हातकसबाचे काम आहे. त्याला मोठे भांडवल लागत नाही की गाळा लागत नाही. दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्या होतकरू मुलांपैकी काहींना ते शिकावेसे वाटते, तर काहींना केवळ जिज्ञासा म्हणून कुलपाचे आतले यंत्र समजून घ्यायचे असते. दोघांपुढेही पहिला प्रश्न एकच उभा राहतो. हत्यारे घरी घासून बनवावीत की बाजारातून विकत आणावीत? या प्रश्नाचा जमाखर्च आपण मांडून पाहू.

आधी कुलूप ओळखावे. आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. पहिला पिनांच्या सिलिंडरचा. अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ आणि १८६५ साली घेतलेल्या पेटंटांमुळे तो रूढ झाला. यात स्प्रिंगवर बसवलेल्या पिनांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा एका रेषेत येतो आणि सिलिंडर फिरतो. दुसरा प्रकार लिव्हरचा. त्यात पट्ट्या असतात. किल्लीच्या दात्यांनी त्या ठरावीक उंचीवर उचलल्या म्हणजेच आतला दांडा सरकतो. एका प्रकारची हत्यारे दुसऱ्याला चालत नाहीत. दुकानातला चकचकीत संच बहुधा पिनांच्या कुलपासाठी असतो. तो घेऊन लिव्हरच्या कुलपाशी झटापट करणे म्हणजे पैसाही गेला आणि वेळही गेला.

पिनांच्या कुलपाला दोन हत्यारे लागतात. एक ताणपट्टी. हिने सिलिंडरवर अगदी हलका ताण ठेवायचा. दुसरी टोकाला किंचित वाकवलेली बारीक पट्टी, जिला कारागीर हूक म्हणतात. हिने पिना एकेक करून उचलायच्या. कारखान्यात पाडलेली भोके कितीही काळजी घेतली तरी तंतोतंत एका ओळीत येत नाहीत. म्हणून ताण दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एखादीच आधी अडकते. ती नेमक्या उंचीवर बसली की हाताला बारीकशी जाणीव होते. सगळी विद्या त्या जाणिवेत आहे.

आता घरगुती हत्यारांची बाजू पाहू. त्यांचा मोठा गुण म्हणजे स्वस्ताई. हॅक्सॉचे जुने ब्लेड, कानस आणि पॉलिश पेपर एवढ्यावर हूक तयार होतो. मुंबईत नागदेवीच्या बाजारात हे सर्व एका फेरीत मिळते. शिवाय आपल्या कुलपाचे भोक अरुंद असेल तर पट्टी तेवढी बारीक करता येते. पण यात खाचखळगेही आहेत. ग्राइंडरवर घासताना पोलाद तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते, म्हणजे ते मऊ होऊन वाकू लागते. यासाठी घडोघडी पाण्यात बुडवून थोडे थोडे घासावे. कडक ब्लेड थंडच वाकवू गेल्यास काडकन तुटते आणि तुकडा डोळ्यात उडतो. तेव्हा चष्म्याशिवाय या कामाला बसू नये.

विकतच्या हत्यारांचा गुण म्हणजे त्यांचा आकार सुरुवातीपासून बरोबर असतो. नवशिक्याला हे फार महत्त्वाचे आहे. कुलूप उघडले नाही तर चूक हाताची की हत्याराची, हे त्याला कळत नाही. हत्यार चांगले असेल तर एक शंका तरी मिटते. दोष असा की वीस-तीस नगांच्या स्वस्त संचात बरेचसे नग कधी हातात घ्यावेच लागत नाहीत. काहींच्या कडा खरखरीत असतात, तर काहींचे पोलाद कच्चे असते.

आमच्या मते मधला मार्ग उत्तम. एक-दोन चांगले हूक विकत घ्यावेत आणि ताणपट्टी घरी बनवावी. हूकचे टोक नेमके जमणे नवख्या हाताला कठीण असते. ताणपट्टी मात्र केवळ एक काटकोनातला बाक आहे. गॅरेजमध्ये टाकून दिलेल्या वायपरमधली पोलादी पट्टी तिला उत्तम चालते. सहा महिन्यांनी हूक झिजेल किंवा मोडेल. तोवर हाताला जाण आलेली असेल. त्याच नमुन्यावर पुढचा हूक स्वतः घासावा.

कुलपाप्रमाणे हत्यार, हे फार जुने सूत्र आहे. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले कुलूप उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस लावले होते. कित्येक दशके कोणाला ते जमले नाही. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कारागीर ए. सी. हॉब्ज यांनी ते उघडले. त्या कुलपासाठी मुद्दाम तयार केलेली साधने त्यांनी वापरली आणि १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खर्ची घातले. बाजारी संचाने ते काम झाले नसते आणि धीराशिवाय तर मुळीच नाही.

सराव फक्त स्वतःच्या मालकीच्या, वापरात नसलेल्या कुलपावरच करावा. भंगारातले, पण किल्लीसकट मिळालेले कुलूप घ्यावे, म्हणजे ते चालू आहे याची खात्री करता येते. घराच्या दाराच्या कुलपावर प्रयोग करू नये. आत पिन अडकली तर रात्र जिन्यावर काढावी लागेल.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत सबळ कारणाशिवाय घरफोडीचे साधन जवळ बाळगताना सापडणे हा गुन्हा आहे. गरीब वस्तीतल्या मुलाच्या खिशात असे काही सापडले तर त्याचे म्हणणे कोण ऐकून घेणार? म्हणून हत्यारे खिशात घालून हिंडू नये. ती घरी, डब्यात ठेवावीत. हे काम धंदा म्हणून करणाऱ्याने एक वही ठेवावी. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार, तारीख आणि सही त्या वहीत घ्यावी. घर आपले असल्याचा पुरावा जो दाखवत नाही, त्याचे कुलूप उघडू नये, मग तो कितीही पैसे देवो. आई-वडिलांनीही मुलाच्या हातात हे हत्यार पाहून एकदम रागावू नये. जवळ बसवून हा नियम मात्र समजावून सांगावा. हूक मोडला तर दुसरा घासता येतो. चावीवाल्याचे नाव एकदा गेले की त्याच्या हातात पुन्हा कोणी आपल्या घराचे कुलूप देत नाही.