नवेगांवबांधचा तलाव व त्याच्या कांठचे पक्षी

पाळ, मोरी, सांडवा व पाट इतकें पाहिलें म्हणजे तलाव पाहिला, असें आपण शेतकरी मानतों. परंतु तलावाची प्रकृति ओळखण्याचें आणखी एक साधन त्याच्या कांठींच असतें. तें म्हणजे तेथील पक्षी.

गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांवबांधचा तलाव हें शिकण्यास उत्तम आहे. १८ व्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं तो बांधविला. क्षेत्रफळ सुमारें ११ चौरस किलोमीटर. भोंवतालच्या वनास १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व २०१३ सालीं तें व्याघ्र प्रकल्पांत आलें. म्हणून कोणती पायवाट खुली आहे हें वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच पुढें जावें.

कार्तिकापासून माघापर्यंत, उजाडतां उजाडतां जावें. सूर्य पाठीशीं ठेवावा. पांढरें धोतर व उपरणें त्या दिवशीं घरींच बरें. पक्ष्यांस तें दुरून दिसतें. चालण्यापेक्षां एके ठिकाणीं घटकाभर बसणें अधिक फलदायी होतें.

आतां कोण कोठें चरतो तें पाहावें. पाणकावळा खोल पाण्यांत बुडी मारून मासे धरतो. उत्तरेकडून हिवाळ्यांत येणारें तलवार बदक बहुधा बुडी मारीत नाहीं. डोकें खालीं व शेपूट वर करून मान पोहोंचेल तेवढ्याच पाण्यांत तें चरतें. कमळपक्षी लांब बोटांच्या बळावर तरंगत्या पानांवरून चालतो. उघड्या चोचीचा करकोचा उथळ पाण्यांतील गोगलगाई वेंचतो, तर तुतवार ओल्या चिखलांत किडे टिपतो. हे सर्व एकाच कांठीं दिसले, तर उतार मंद आहे व देवधान, कमळ इत्यादि वनस्पति जिवंत आहेत असें समजावें. नुसतेच पाणकावळे दिसले, तर कांठाकडे नीट लक्ष द्यावें.

हीच दृष्टि आपल्या गांवच्या तलावाकडे लावावी. १९५१ सालीं मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. वाजिब-उल-अर्जांत पाण्याचे हक्क तपशीलवार लिहिलेले आढळतात. पण गाळाची काळजी पुढें पुष्कळ ठिकाणीं कोणाचीच राहिली नाहीं. माझ्यासारख्या दप्तरांत वय गेलेल्या माणसास याचें नवल वाटत नाहीं. आतां यंत्रानें गाळ काढतात तें चांगलेंच. मात्र कांठ भिंतीसारखा उभा तोडतात तें चुकीचें आहे. पाणी वाढतें, पण उथळ पट्टी जाते, व तिच्यासवें माशांच्या पिलांचा आसराही जातो. गाळ मध्यभागचा काढावा. कांठाचा उतार राखावा.

दुसरा शत्रु बेशरम. हें झुडूप दाट माजलें म्हणजे त्याखालीं दुसरी वनस्पति तग धरीत नाहीं व बदकें ती बाजू सोडतात. उन्हाळ्यांत पाणी ओसरल्यावर तें मुळासकट उपटावें, व तुकडे ओल्या जमिनीवर न टाकतां पाळीपलीकडे वाळवून जाळावे. ओलाव्यांत पडलेली कांडीसुद्धां पुन्हा रुजते.