मोजणाऱ्याचे माप

जुने जपावे हे नेवाशाला कुणी शिकवायला नको. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली, तो पैसाचा खांब इथेच आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी प्रवरेकाठी उत्खनन केले आणि खापराचा तुकडान्‌तुकडा जपला. पण जुनेपणाचा हा मान हजारो वर्षांच्या वस्तूंनाच. चाळीस-पन्नास वर्षांचा विजेचा मीटर मात्र नेवासा फाट्यावर भंगारात किलोने जातो. त्यातले काही माझ्या टेबलावर येतात.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे पूर्वी एक काळा, वजनदार डबा हमखास दिसे. कुणाकडे विलायती ॲव्हो, कुणाकडे नाशिकच्या मोटवानींचा मल्टिमीटर. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांची आद्याक्षरे म्हणजे ॲव्हो. इंग्लंडच्या टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकेडी या इंजिनिअरला निरनिराळी उपकरणे वागवण्याचा कंटाळा आला आणि त्याने ती एकाच डब्यात बसवली. १९२३ साली कंपनी निघाली, १९५१ साली ‘मॉडेल ८’ आले आणि ते थेट २००८ पर्यंत बनत राहिले.

असा मीटर बंद पडतो तो बहुधा सेलमुळे. वर्षानुवर्षे आत राहिलेले सेल पाझरतात आणि पितळी पट्ट्या खातात. खाण्याच्या सोड्याचे पाणी, मग स्पिरिट, मग बारीक पॉलिश पेपर एवढ्यावर पुष्कळदा काम भागते. मोठे रोध मोजायला लागणारी १५ व्होल्टची बॅटरी आता सहज मिळत नाही; तिच्या जागी ३ व्होल्टचे पाच बटणसेल एकावर एक रचून बसवतो. काट्याचा भाग मात्र शक्यतो उघडू नये. त्यातली स्प्रिंग केसासारखी असते आणि आतले लोहचुंबक टेबलावरचा लोखंडाचा कीस ओढून घेते. एक कण अडकला तरी काटा अडतो.

काटा हलला की गिऱ्हाईक खूश होते. “चालू झाला की!” माझे खरे काम तिथून सुरू होते. कारण हलणे वेगळे आणि खरे सांगणे वेगळे. जुने कार्बनचे रोधक वयाबरोबर वाढत जातात आणि मीटर खोटे बोलू लागतो, तेही अगदी ठामपणे. म्हणून मीटर आडवा ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग खात्रीच्या मीटरशेजारी पट्टीच्या पाव, अर्ध्या आणि पूर्ण मापावर ताडून पाहायचा. २५० व्होल्टच्या पट्टीवर दोन टक्के चूक म्हणजे ५ व्होल्ट. दोनशेवर ती किरकोळ, पण पंचविसावर तीच पाचवा हिस्सा होते! खात्रीचा मीटरही कुणाशी तरी ताडलेला असावा लागतो. ही साखळी वर वर जात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते.

एवढी चिकित्सा कशासाठी? आमच्याकडे ऊस आहे, विहिरी आहेत आणि ओल्या बांधावर उभे राहून मोटारीचा स्टार्टर उघडणारी माणसे आहेत. तारेत वीज नाही असे मीटरने सांगितले की ती माणसे त्या तारेला हात लावतात. मीटर मेलेला असेल तर तोही शून्यच दाखवतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, आधी चालू असल्याची खात्री आहे अशा ठिकाणी मीटर लावून बघ, मग तुझी तार बघ, मग पुन्हा पहिल्या ठिकाणी बघ. तिन्ही वेळा बरोबर आला तरच त्याचे ऐक.

नवा डिजिटल मीटरही कधी चकवतो. त्याचा आतला रोध फार मोठा असल्याने, चालू तारेशेजारून गेलेल्या तुटक्या तारेतही तो साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो. काट्याचा जुना मीटर थोडी वीज ओढतो आणि हे भूत बऱ्याचदा उतरवतो. तरीही जुन्याचे कौतुक मर्यादेतच हवे. आजच्या मीटरना लागू असलेले सुरक्षेचे नियम तो बनला तेव्हा नव्हते. रेडिओ आणि ॲम्प्लिफायरच्या टेबलावर तो राजा. ट्रान्सफॉर्मर आणि मीटरपेटीपाशी त्याला नेऊ नये.

माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मीटरच्या पाठीवर मी चिठ्ठी चिकटवतो. तपासल्याची तारीख, कोणत्या मापावर किती चुकतो आणि कोणत्या कामाला वापरू नये, एवढेच तीवर असते. काहीजण विचारतात, “चुका लिहिल्यावर हा कोण विकत घेईल?” जाणकार आधी ती चिठ्ठी वाचतो आणि मगच मीटर हातात घेतो.